लेकरू चवड्यावर चालते? आधी टाच तपासा, मग सवय सोडवा

कुही : अंगणवाडी सुटली की लेकरे घराकडे पळत सुटतात. त्यात एखादे लेकरू टाचा न टेकता, चवड्यावर नाचल्यासारखे येताना दिसते. शेजारीण म्हणते, "किती ठुमकत चालते पाहा!" आजी म्हणते, "याचा बापही असाच चालत होता, आपोआप सुटेल." बाप म्हणतो, "टाच टेकव म्हणून सांगून थकलो, पोट्टा ऐकतच नाही." तिघांच्याही बोलण्यात थोडे थोडे खरे असते. पण तिघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून जाते. त्या लेकराची टाच टेकू शकते का, आणि टेकत नसेल तर काहून, हे कोणी पाहिलेलेच नसते.

सवय असेल तर ती सोडवता येते. त्यासाठी मार नको, रागावणे नको, महागडे सामान नको. बटणाचा बॉलपेन, टिकल्यांचे पाकीट आणि रोजची दहा मिनिटे पुरतात. पण ती सवयच आहे, त्यामागे आजार नाही, हे आधी पक्के करावे लागते. हा क्रम उलटा झाला तर नुकसान होते. म्हणून ही माहिती त्याच क्रमाने देत आहोत.

चवड्यावर चालणे म्हणजे काय?

आपण चालतो तेव्हा आधी टाच जमिनीला लागते, मग तळवा, आणि शेवटी बोटांनी रेटा देऊन पाय उचलला जातो. चवड्यावर चालणाऱ्या लेकराची टाच जमिनीला लागतच नाही, किंवा क्वचित लागते. आपल्याकडे कोणी याला पंजावर चालणे म्हणतात, कोणी टाचा उचलून चालणे. डॉक्टर 'टो वॉकिंग' म्हणतात. तपासणी करूनही काही कारण सापडले नाही तर त्याला 'इडिओपॅथिक टो वॉकिंग' असे नाव आहे. साध्या भाषेत, कारण न सापडलेले चवड्यावरचे चालणे. असे चालणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरात बाप, काका, मामा असे कोणीतरी लहानपणी तसेच चाललेले असते. त्यामुळे आजीचे म्हणणे अगदीच हवेतले नाही.

लेकरू पहिल्यांदा पाऊल टाकते तेव्हा सुरुवातीचे काही महिने चवड्यावर चालणे साधारण गोष्ट आहे. खाटेला, भिंतीला धरून चालताना बरीच मुले तसे करतात. दोन वर्षांपर्यंत बहुतेकांची टाच टेकायला लागते. दोन वर्षे झाल्यावरही बहुतेक पावले चवड्यावरच पडत असतील तर डॉक्टरला एकदा दाखवावे. तीन वर्षे उलटली तर मुळीच वाट पाहू नये.

हे किती मुलांमध्ये दिसते, याची चांगली पाहणी स्वीडनमध्ये झाली आहे. तिथल्या एका प्रांतातील साडेपाच वर्षांची १,४३६ मुले त्यात होती. दुसरे काही कारण नसताना कधी ना कधी चवड्यावर चाललेली मुले शेकडा ४.९ निघाली. त्या वयातही तसेच चालणारी शेकडा २.१ होती. पुढे याच मुलांकडे दहाव्या वर्षी पुन्हा पाहिले तेव्हा चवड्यावर चाललेल्यांपैकी शेकडा ७९ मुलांची सवय इलाजाविना सुटलेली होती. पण त्याच पाहणीत, ज्यांच्या वाढीत किंवा वागण्यात काही अडचण होती, त्या मुलांमध्ये हे प्रमाण शेकडा ४१ च्या घरात होते. म्हणजे घाबरण्याचे कारण कमी, पण दुर्लक्ष करण्याचेही कारण नाही.

आधी पाहा, ही सवय आहे की आजाराची खूण?

खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी घरचे उपाय बाजूला ठेवा आणि लेकराला डॉक्टरकडे न्या.

१) एकाच पायाची टाच उचललेली राहते. सवय असेल तर ती सहसा दोन्ही पायांत असते. एकच पाय असेल तर पाय लहान-मोठे असणे, खुब्याचा सांधा सरकलेला असणे किंवा एका बाजूच्या नसांचा त्रास असू शकतो.

२) आधी टाच टेकवून नीट चालायचे आणि नंतर चवड्यावर चालू लागले. मागे गेलेली चाल नेहमी तपासावी.

३) जमिनीवरून उठताना लेकरू स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभे होते, पायऱ्या चढताना थकते, सारखे पडते, पोटऱ्या जाड आणि टणक लागतात. मुलगा असेल आणि या खुणा असतील तर 'डुशेन' नावाच्या स्नायूंच्या आजाराची शंका घेतात. हा आजार जवळपास मुलांनाच होतो, मुलींना क्वचित. स्नायू हळूहळू कमजोर होत जातात. रक्तातली सीपीके नावाची साधी तपासणी पहिला अंदाज देते.

४) पाय ताठ राहतात, चालताना मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर येतात. जन्मताना लेकरू रडले नव्हते, कमी दिवसांचे होते किंवा काचेच्या पेटीत ठेवावे लागले होते. दीड वर्ष उलटूनही चालले नव्हते. अशा वेळी सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला लहानपणी झालेल्या इजेची, तपासणी होते.

५) कमरेच्या खाली पाठीवर केसांचा पुंजका, खळगा किंवा गाठ आहे. किंवा आधी लघवी-संडास सांगणारे लेकरू आता सांगत नाही. मणक्यातल्या नसेचा दोष असू शकतो.

६) दोन वर्षांनंतरही शब्द बोलत नाही, नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही, नजर देत नाही, हात फडफडवते, एकच खेळ तासन् तास खेळते. ही ऑटिझमची लक्षणे असू शकतात. ऑटिझम असलेल्या मुलांत चवड्यावर चालणे जास्त दिसते. पण चवड्यावर चालते एवढ्यावरून कोणी 'ऑटिझम आहे' असा शिक्का मारू नये.

क्रमांक तीनच्या खुणेवर एवढा भर का देतो, ते समजून घ्या. डुशेनमध्ये मांडीचे आणि कमरेचे स्नायू कमजोर झालेले असतात. ते लेकरू चवड्यावर उभे राहूनच आपला तोल सांभाळत असते. त्याला "टाच टेकव, टाच टेकव" म्हणून रागावणे म्हणजे त्याचा उरलासुरला आधार काढून घेण्यासारखे आहे. घरच्यांना वाटते पोट्टा हट्टी आहे. हट्ट नसतो, ताकदच नसते. सवय मोडण्याच्या नादात वर्ष-दोन वर्षे गेली तर इलाजाचे दिवस वाया जातात.

टाच टेकू शकते का? घरी पाहायच्या चार गोष्टी

खुणा काहीच नसतील तर पुढची पायरी. लेकरू टाच टेकवत नाही, ते ठीक. पण टेकवू शकते का?

पहिली : भिंतीला पाठ लावून उभे करा. दोन्ही टाचा जमिनीला लागतात का?

दुसरी : उकिडवे बसायला सांगा, जसे आपण शेतात निंदताना बसतो. टाचा खाली राहतात, की लेकरू चवड्यावरच तोल धरते, की मागे पडते?

तिसरी : फक्त टाचांवर, बोटे वर उचलून, पाच पावले चालता येते का? चार वर्षांच्या पुढच्या मुलाला हे खेळ म्हणून जमायला पाहिजे.

चौथी : लेकराला उताणे झोपवा, गुडघा सरळ ठेवा. टाच एका हातात धरून तळवा हळूच नडगीच्या दिशेने वर आणा. पाय काटकोनाच्या पुढे थोडा तरी येतो का? जोर लावू नका. लेकरू रडेपर्यंत तर अजिबात ओढू नका.

या चारही गोष्टी जमत असतील तर टाचेची नस मोकळी आहे आणि पुढचे उपाय कामाचे आहेत. पाय काटकोनापर्यंतही येत नसेल तर पोटरीचा स्नायू आणि टाचेची नस आखूड झाली आहे. वर्षानुवर्षे चवड्यावर चालल्यानेही ती आखूड होते. मग नुसत्या शिकवणीने काही होत नाही. दावे आखूड असलेल्या बैलाला कितीही हाकला, तो खुंट्याभोवतीच फिरणार. आधी दावे लांब करावे लागते, म्हणजे फिजिओथेरपिस्टकडे जावे लागते.

ओरडून सवय का सुटत नाही?

कोणतीही सवय टिकते कारण तिच्यातून काहीतरी मिळत असते. काही लेकरांना चवड्यावर चालताना पोटरीत जो ताण येतो तो बरा वाटतो. काहींना गार फरशी, खडबडीत जमीन, ओले गवत तळव्याला लागलेले सहन होत नाही. काहींची ती नुसती पडलेली वळणाची चाल असते, त्यांच्या लक्षातही येत नाही.

त्यात आपण ओरडतो. ओरडले की दोन पावले टाच टेकते, तिसऱ्या पावलाला पुन्हा चवडा. आपण पुन्हा ओरडतो. दिवसातून पन्नास वेळा ऐकलेला शब्द लेकराच्या कानावरून जातो. दुसरी बाजू अशी की नीट चालत असताना आपण काहीच बोलत नाही. घरातली माणसे चवड्यावर चालल्यावरच लक्ष देतात. लहान मुलाला रागावणे हेसुद्धा लक्षच वाटते. म्हणजे जी चाल मोडायची तिलाच आपण खतपाणी घालतो.

वागणूक बदलण्याची शास्त्रीय पद्धत याच्या नेमकी उलटी आहे. चुकलेल्या पावलावर बोलायचे नाही. बरोबर पडलेले पाऊल, पडले त्याच क्षणी, लेकराला कळवायचे.

पद्धत : रोज दहा मिनिटे

पायरी १, मोजा. सुरू करण्याआधी तीन दिवस फक्त मोजायचे, काही शिकवायचे नाही. ओसरीपासून तुळशीपर्यंत लेकराला नेहमीसारखे चालू द्या आणि २० पावलांपैकी किती वेळा टाच टेकली ते कॅलेंडरवर लिहा. समजा २० पैकी ३. हा आकडा नसेल तर महिन्याने फरक पडला की नाही यावरून घरात वाद होतो.

पायरी २, आवाजाची खूण ठरवा. बटणाच्या बॉलपेनचा 'टिक' आवाज चांगला. तो छोटा असतो, नेहमी सारखाच येतो आणि त्यात राग-लोभ नसतो. आधी एकाच जागी बसून टिक वाजवा आणि लगेच लेकराला आवडीची गोष्ट द्या. असे दहा-पंधरा वेळा केले की 'टिक म्हणजे काहीतरी चांगले' हे त्याच्या लक्षात येते.

पायरी ३, एकच गोष्ट सांगा. 'नीट चाल', 'सरळ चाल', 'हळू चाल' असे दहा शब्द नकोत. 'आधी टाच' एवढेच. आई-बाबांनी स्वतः टाच टेकवून चालून दाखवावे. मग लेकराने एक पाऊल टाकावे. टाच लागली त्याच क्षणी टिक. दुसऱ्या क्षणी वाजवली तर तो आवाज पुढच्या पावलाचा होतो. टाच लागली नाही तर गप्प राहायचे, पुन्हा पहिल्यापासून.

पायरी ४, बक्षीस. टिक प्रत्येक बरोबर पावलाला, बक्षीस सुरुवातीला दर दोन-तीन टिकला. बक्षीस लेकराच्या आवडीचे असावे, आपल्या नव्हे. कागदावर बैलाचे चित्र काढून त्यावर एक-एक टिकली चिकटवू द्या. पाच टिकल्या झाल्या की झोका, वासराला चारा घालणे, बाबांच्या खांद्यावर एक फेरी. चालता-पळता तोंडात दाणे, फुटाणे, गोळ्या देऊ नका. लहान मुलाला ठसका लागून श्वास अडकू शकतो. खाऊ द्यायचाच तर बसवून द्या.

पायरी ५, हळूहळू वाढवा. पहिल्या आठवड्यात पाच पावले, मग दहा, मग तुळशीपर्यंत, मग दारापर्यंत. आधी फरशीवर, मग अंगणात, मग रस्त्यावर. आधी अनवाणी, मग चप्पल घालून. घरात जमले म्हणजे अंगणवाडीत आपोआप जमेल असे समजू नका. लहान मुले एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी लगेच वापरत नाहीत.

पायरी ६, आवाज आणि बक्षीस कमी करत न्या. २० पैकी १६-१७ पावले सलग आठवडाभर नीट पडू लागली की टिक प्रत्येक पावलाला न वाजवता तिसऱ्या-चौथ्याला वाजवा. मग फक्त शाबासकी. एकदम बंद केले तर जुनी चाल परत येते.

चार-पाच वर्षांच्या पुढचे, बोललेले समजणारे मूल असेल तर त्यालाच पहारेकरी करा. "आता चवड्यावर चाललास की टाचेवर?" एवढे विचारायचे, आणि त्यानेच ओळखायचे. चवड्यावर आहे हे लक्षात आले की थांबायचे, दोन्ही टाचा दाबून तीनपर्यंत मोजायचे, मग पुढे चालायचे. स्वतःच्या लक्षात आणून देणे, त्या जागी दुसरी क्रिया देणे आणि घरच्यांनी कौतुक करणे, या तिन्ही गोष्टी मिळून सवय उलटवण्याची पद्धत होते.

वाजणारे बूट : बाजारातली वस्तू, इलाजातही कामाची

आठवडी बाजारात, जत्रेत लहान मुलांचे चूं-चूं वाजणारे बूट मिळतात. पाऊल टाकले की आवाज येतो. हीच कल्पना इलाजातही वापरली आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या मुलांच्या बुटात टाचेखाली वाजणारे छोटे यंत्र बसवले आणि सोबत वर सांगितलेली सवय उलटवण्याची सोपी पद्धत वापरली. टाच टेकली तरच आवाज येणार. मुलांचे चवड्यावर चालणे कमी झाले.

२०१४ च्या दुसऱ्या अभ्यासात ऑटिझम असलेल्या चार वर्षांच्या मुलाला आधी फक्त चूक सुधारून पाहिले, मग त्यासोबत बरोबर पावलाला आवाजाची खूण दिली. आवाजाची खूण जोडणे हा या इलाजाचा महत्त्वाचा भाग ठरला.

हे अभ्यास मोजक्या मुलांवरचे आहेत, हेही ध्यानात ठेवा. हमी म्हणून नव्हे, पण नुकसान न करणारा आणि खर्च नसलेला प्रयत्न म्हणून याकडे पाहावे. बाजारातून बूट घेताना एक पाहा. शिट्टी टाचेखालीच आहे ना? चवड्याखाली असेल किंवा कसाही पाय टाकला तरी वाजत असेल तर तो बूट चुकीच्या चालीलाच शाबासकी देईल. दिवसभर वाजवू नका, दहा मिनिटांच्या सरावापुरताच घाला. नाही तर लेकराला आवाजाची सवय होते आणि घरच्यांचे डोके उठते.

खेळातून टाच टेकवणे

गावाकडच्या लेकरांना जागेची कमी नाही. हे खेळ रोज आलटून पालटून खेळवा.

बोटे वर उचलून फक्त टाचांवर चालण्याची शर्यत. उकिडवे बसून मातीत बैल, गाडी बनवणे, टाचा खाली ठेवून. बसताना टाचा उचलल्या जात असतील तर काही दिवस टाचेखाली घडी केलेले पोते ठेवा आणि ते हळूहळू पातळ करा. बांधाचा किंवा पुलाच्या रस्त्याचा चढ चढणे, चढावर पोटरी आपोआप ताणली जाते. हातापायांवर अस्वलासारखे चालणे, टाचा खाली दाबत. ओल्या मातीत किंवा राखेत पाय उमटवून पूर्ण पाऊल उमटले का ते पाहणे. हा खेळ लेकरांना फार आवडतो, कारण चूक-बरोबर त्यांनाच दिसते. तान्ह्या पोळ्याच्या आधीचे दिवस असतील तर लाकडी नंदी ओढत सावकाश चालायला लावा. 'नंदी पडू द्यायचा नाही' म्हटले की चाल आपोआप मंदावते. सावकाश चालताना टाच टेकणे सोपे जाते, पळताना अवघड.

पोटरी ताणण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा हाताला हात लावून शिकून घ्या. मोबाइलवर पाहून पाय ओढू नका.

बोलत नसलेल्या, ऑटिझम असलेल्या लेकरासाठी

पद्धत तीच, फक्त सावकाश. शब्दांऐवजी चित्र दाखवा : जमिनीवर पूर्ण पाऊल असलेले चित्र. चुन्याने किंवा खडूने अंगणात पावले काढा, त्यावर पाय ठेवत जायचे. मोठा आवाज सहन होत नसेल तर टिकऐवजी हलकी टाळी किंवा पाठीवर थाप.

तळव्याला स्पर्श सहन होत नसेल तर आधी तेच सवयीचे करा. एका परातीत तांदूळ, दुसऱ्या परातीत वाळू, तिसऱ्या परातीत ओली माती. लेकरू स्वतः पाय घालेल तेवढेच, जबरदस्ती नाही. या कामात ऑक्युपेशनल थेरपिस्टची चांगली मदत होते. एक दिवस गेला, दुसरा गेला, फरक नाही म्हणून निराश होऊ नका. आणि कोणी 'दोन चापट्या लावा, सरळ होईल' म्हटले तर ऐकून सोडून द्या. मार खाल्लेले लेकरू माणूस पाहून टाच टेकवते, माणूस गेला की पुन्हा चवडा.

वॉकर, बूट आणि चपला

बसायची गादी असलेला चाकांचा वॉकर आता गावोगावी दिसतो. त्यात लेकरू लटकलेले असते आणि बोटांनी जमीन मागे ढकलते. टाच टेकवायची गरजच पडत नाही. शिवाय पायरीवरून, ओट्यावरून घरंगळून डोक्याला मार लागतो तो वेगळा. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरवर बंदीच घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो ढकलताना लेकरू स्वतःच्या पायावर पूर्ण वजन देऊन उभे असते. तरी लक्ष ठेवायला माणूस पाहिजेच.

मोठ्या भावाची ढगळ चप्पल लहान्याला घालू नका. ती सांभाळायला लेकरू बोटे आवळून चालते. टाचेला घट्ट धरणारा, जरा कडक तळाचा बूट किंवा मागे पट्टा असलेली सॅन्डल बरी.

अंगणवाडी ताई काय करू शकतात?

घरात एक पद्धत आणि अंगणवाडीत दुसरी असे झाले तर लेकरू गोंधळते. आईने ताईंना एवढेच सांगावे : चवड्यावर चालताना टोकू नका, टाच टेकलेली दिसली की 'शाब्बास, आधी टाच' म्हणा. प्रार्थनेला उभे राहताना, खाऊच्या ओळीत, हात धुवायला जाताना, दिवसातून तीन वेळा झाले तरी पुष्कळ. दुसरी मुले 'नाच्या', 'कोंबडा' म्हणून चिडवत असतील तर ते ताईंनीच थांबवावे. टाचेवर चालण्याचा खेळ सगळ्या वर्गाला लावला की एकाच लेकराकडे बोट जात नाही.

किती दिवस, आणि फरक नाही पडला तर?

सहा ते आठ आठवडे नेमाने करा, दर रविवारी २० पावले मोजून लिहा. आकडा हळूहळू वर जात असेल तर चालू ठेवा. आकडा जागचा हलला नाही, टाच अजून कडक झाली, किंवा लेकरू पाय दुखतात म्हणू लागले तर पुन्हा तपासणी.

नस आखूड असेल तर डॉक्टर व्यायामासोबत पायाला आधार देणारा साचा, म्हणजे स्प्लिंट, देतात. किंवा थोडे थोडे ताणत काही आठवडे बदलत जाणारे प्लास्टर घालतात. पोटरीत बोटॉक्सचे इंजेक्शन देण्याची पद्धतही आहे, पण कारण न सापडलेल्या चवड्यावरच्या चालीत प्लास्टरसोबत ते दिल्याने नुसत्या प्लास्टरपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, असे २०१३ च्या स्वीडनमधील चाचणीत आढळले. खर्च करण्याआधी डॉक्टरला हे विचारायला हरकत नाही. नस फारच आखूड असेल तर मोठ्या वयात ऑपरेशन करून ती लांब करतात. प्लास्टर किंवा ऑपरेशन झाले तरी जुनी चाल परत येऊ शकते. म्हणून 'आधी टाच' हा सराव तेव्हाही लागतोच.

कुठे जायचे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मतःचे दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, या चार गोष्टींसाठी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. पथक येईल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. उलट ताईंना सांगून चाल मुद्दाम दाखवा. पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी तिथूनच मिळते आणि उपचार मोफत होतात.

पथकाला अवकाश असेल तर आशा ताईंमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा कुहीचे ग्रामीण रुग्णालय गाठा. पुढची तपासणी नागपूरला, कुहीहून चाळीसेक किलोमीटर. मेडिकलमध्ये बालरोग, अस्थिरोग, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी हे सगळे एकाच आवारात आहे. जाण्यासाठी मजुरीचा दिवस मोडतो, म्हणून तयारीने जा. मोबाइलवर लेकराची चाल टिपून ठेवा : समोरून, बाजूने आणि जमिनीवरून उठतानाची, प्रत्येकी अर्धा मिनिट. दवाखान्यात गेल्यावर लेकरू घाबरून नेमके नीट चालते, आणि डॉक्टरला दोन मिनिटांत काही दिसत नाही. लसीकरणाचे कार्ड, जन्माच्या वेळचे कागद आणि पावलांचे आकडे लिहिलेले कॅलेंडरचे पानही सोबत ठेवा.

थोडक्यात, दोन वर्षांनंतर चवड्यावर चालणे दिसले तर आधी खुणा पाहा, मग टाच टेकू शकते का ते पाहा. दोन्ही ठीक असेल तर ओरडणे आजपासून बंद करा आणि बरोबर पडलेल्या पावलाला टिक वाजवायला सुरुवात करा. आणि खुणांपैकी एकही दिसली, तर हा लेख इथेच ठेवून आधी दवाखाना गाठा.